कार्मू, गप्प राहण्याला शांती म्हणत नाहीत

इकडे ये, कार्मू. आणखी जवळ. एवढ्या लांबून ओरडले तर वाडीतले म्हणतील, इसामायला दुःखाने वेड लागलं. वेड नाही लागलेलं, राग आलाय. बस माझ्या बाजूला आणि गुमान ऐकून घे. भांडण अर्धवट टाकून कोण मरतं गो? आपलं बोलणं चाललं होतं, माझी पाळी होती. मी तोंड उघडलं तर आपल्या दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडून हात हलवून म्हणालीस, "इसा, आता तू गरम झालंस. उद्या बोलूया." आणि उद्या सकाळी रातांब्याची सालं उन्हात पसरता पसरता तिथेच अंगणात आडवी झालीस. ही कसली रीत? जन्मभर सगळ्यांना धीर धर, धीर धर म्हणून उद्यावर ढकललंस, आणि स्वतः जाताना मात्र एवढी घाई.

फादर मला म्हणाले, "इसामाय, कार्मेलिनबायवर चार ओळी लिहून द्या, चर्चच्या पत्रिकेत घालू." चार ओळींत तू मावतेस? मी शाळेत तिसरीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते प्रार्थनेच्या पुस्तकांवर आणि वाण्याकडच्या पुड्यांच्या कागदांवर. त्यामुळे बोलते तसंच लिहिणार. तू कधी जन्मलीस, मुलं किती, हे ज्याला हवं त्याने सिमितरीत जाऊन थडग्याच्या दगडावर वाचावं. मला तुझ्याशी सेलिनाचं बोलायचं आहे. माझ्या नातीचं लग्न तुझ्या धर्मपुत्राशी लागावं की लागू नये, हा वाद होता आपला. तो मिटलेला नाही.

पण आधी तुझ्या मयताचं. काय काय बोलले लोक, ऐकलंस का? "शांतीची मूर्ती." "उभ्या आयुष्यात आवाज चढवला नाही." मी बाकावर बसून रुमालात हसले, शेजारणीला वाटलं हुंदका आला. मिंगेलला विचारा म्हणावं, तुझ्या बाजूलाच निजलाय. तुम्ही नवराबायको भांडायला लागलात की माझ्या कोंबड्या परसात पळायच्या. त्याने सगळी सुरमई विकून घरी तारले आणले, तेव्हा तारल्यांची टोपली गडग्यावरून माझ्या अंगणात आली होती. आम्ही दोन दिवस खाल्ले. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही दोघं एका बाकावर बसून वाल सोलत होतात! मी विचारलं, काय गो, मिटलं? तर तू म्हणालीस, "तेच्या पोटात काय रवाक नाय, माझ्या पोटात काय रवाक नाय. आता दोघांका जेवण जातला."

अशी तू. आणि असली तू माझ्या नातीला सांगतेस, गप्प रव आणि धीर धर. मला राग येणार नाही तर काय?

आता दोदोलाचं. बाहेरच्यांना दोदोल म्हणजे नाताळाची मिठाई. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, काळा गूळ, आणि चुलीवर अर्धा दिवस ढवळत राहायचं. आपल्या वाडीत तो परीक्षेचा पेपर होता. कुठल्या पोराचं कुठल्या पोरीशी जमतंय असं कानावर आलं की नाताळाच्या आधी तू दोघांना बोलावणं धाडायचीस. अंगणात मोठं तांब्याचं भांडं, एकच लांब कालथा, माणसं दोन. पहिल्यांदा प्रार्थना, मग दोघांचे फोन तुझ्या पिठाच्या डब्यात, मग काम. हात भरून आले की दुसऱ्याला बोलवायचं, आणि तोंडाने बोलवायचं, डोळ्यांनी खुणा नाही करायच्या, हा तुझा कायदा. तू खुर्ची टाकून बघत बसायचीस. कोण चांगलं ढवळतं याच्याशी तुला देणंघेणं नव्हतं. खाली लागलं, करपल्याचा वास आला, की कोण कोणाला काय बोलतं, ते तुला ऐकायचं असायचं. फादर हसून म्हणायचे, लग्नाआधीचा वर्ग नंतर, आधी कार्मेलिनबायकडे पास होऊन या.

एका जोडीचं तिथेच फाटलं. तो तिला म्हणाला, "तुझ्या आवशीन तुका काय शिकवला?" तू त्या पोरीला डबा भरून दोदोल दिलास आणि कानात म्हणालीस, "खा बाय. सुटलंस." दुसऱ्या एका जोडीने बोलण्याच्या नादात अख्खं भांडं जाळलं. तू एवढी हसलीस की खुर्ची मोडली. "लगीन करा तुमी," म्हणालीस, "जेवण मात्र हॉटेलात जेवा." त्यांना आता तीन पोरं आहेत, अजून बोलतायत.

म्हणजे तुला कळत होतं. सगळ्यांचं कळत होतं. मग जोनासच्या वेळी काय झालं?

मान्य, जोनास तुझा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला तूच त्याला हातावर धरलं होतंस. देवबागला बोट चालवतो, पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो, दारू नाही, शिवी नाही, मान खाली. आणि माझी सेलिना, आईबाप नोकरीपायी वसईला, ही माझ्याकडे वाढली, कुडाळला हॉस्पिटलात नर्स. डॉक्टरांना तोंडावर सांगते की साहेब, हे औषध तुम्ही दोनदा लिहिलंय. दोघं चर्चच्या गायनात भेटली. मला आनंदच झाला होता. मला मेलीला काय ठाऊक.

त्या नाताळाला तू दोघांना उभं केलंस. मी गडग्यावर कोपर टेकून बघत होते. जोनासने कालथा घेतला. सेलिना चिडवायला म्हणाली, "रे, दोदोल ढवळतंस की बोट वल्हवतंस?" सगळे हसले. तो नाही हसला. त्यानंतर दोदोल भांड्याच्या कडेने सुटेपर्यंत त्याने शब्द काढला नाही. सेलिनाने कितीदा म्हटलं, "दी माका, तुझे हात भरले." ऐकू न आल्यासारखा ढवळत राहिला. तळहाताला फोड आले. जाताना ती डबा घेऊन स्कूटरपर्यंत गेली, त्याने डबा घेतला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. ती रस्त्यात उभी, हातात नुसतं झाकण.

तू काय म्हणालीस? "बगलंस इसा? कसो शांत झील आसा. हात फुटले, पण तोंड फुटूक नाय."

मी म्हटलं, "कार्मू, ह्यो शांत नाय. ह्यो रुसलो आसा."

"तुका सगळ्यांत खोट दिसता."

दिसते मला खोट. डोळे आहेत म्हणून दिसते.

पुढे दोन वर्षं हेच. त्याच्या वाडीतल्या कोपेलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, फेस्ताला सेलिनाला जेवायला बोलावलं होतं. त्या दिवशी हायवेवर गाडी उलटली, जखमी आले, हिला ड्युटी सोडता येईना. हिने फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. देवबाग काय अमेरिकेत आहे? रोज डिझेल आणि बर्फ न्यायला हा मालवणात येतो, माझ्या दारावरून जातो. मान वळवायची नाही. पंधरवडा उलटून गेला आणि एका सकाळी मासळीची पिशवी घेऊन दारात हजर, जणू काल रात्रीच गुड नाईट म्हणून गेला होता. आणि माझी शूर नात, डॉक्टरांना सुनावणारी, मासळी मोरीत ठेवून रडली. रागाने नाही गो. सुटका झाली म्हणून.

मी खोबरं खवता खवता तिला म्हटलं, "फोनात तेका सॉरी कित्याक लिवलंस? काय केलंस तू?"

"ठावक नाय गो माय. पण कायतरी केलाच आसतला."

कार्मू, तिथे मी तुझ्याकडे धावत आले होते, आठवतं? हाताला खोबरं तसंच. तू म्हणालीस, राग शांत करायला वेळ घेतो तो, बरंच आहे की, आरडाओरडा तर करत नाही. मी म्हटलं, वेळ घेणारा सांगून जातो, माका आता राग इलो, संध्याकाळी बोलूया. हा दार लावून घेतो आणि बाहेर तिला उन्हात उभी करतो. ह्याला शांती नाही म्हणत, ही शिक्षा आहे, आणि कशाची तेही सांगत नाही. तू मला चहा दिलास. असंच करायचीस तू, उत्तर नसलं की चहा.

ईस्टरआधीच्या चाळीस उपासाच्या दिवसांत तरुणांसाठी ते बाहेरचे वक्ते आले होते, त्याचं मी तुला पूर्ण सांगितलंच नाही. आता ऐक. मी मागे सगळ्यांचं जेवण रांधायला होते. त्या गृहस्थांनी माईक हातात घेतला आणि प्रेमात पडलेल्या ख्रिस्ती मुलींनी मन कसं शांत ठेवावं, धीर कसा बाळगावा, मुलगा तापला तर आपण पाणी कसं व्हावं, यावर तासभर सांगितलं. मुली डोळे मिटून ऐकत होत्या, सेलिना पहिल्या रांगेत. मुलगे कुठे? मुलगे मैदानात व्हॉलीबॉल खेळत होते. त्यांचं सत्र म्हणे नेतृत्वावर होतं, ते सकाळीच झालं. मी पळी हातात घेऊनच आत गेले. म्हटलं, "दादानू, एक विचारू? धीर आणि शांती ही पवित्र आत्म्याची फळां ना? मगे ती वाटताना चेडवांकच कित्याक? झिलग्यांका काय, पुरवठो संपलो?" पोरी खुदकन हसल्या. गृहस्थ म्हणाले, "आजी, प्रभू येशूसुद्धा शांत होता." मी म्हटलं, होता. आणि देवळात बाजार मांडलेला बघितल्यावर टेबलं उलटी करून गेला, तोही तोच. रुसून कोपऱ्यात बसला नाही, का चिडलो ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं.

तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, इसा, पाहुण्या माणसाशी असं बोलतात का. म्हणून नाही सांगितलं. घे, आता सांगितलं.

सेलिना रोज रोझरी म्हणताना पुटपुटायची, प्रभू, मला धीर दे. मी बाजूला बसून ऐकायचे आणि मला वाटायचं, बाय, अजून किती मागशील? थोडी जीभ माग त्या झिलग्यासाठी.

आणि मग लग्न ठरलं. आपल्या रिवाजाप्रमाणे तीन रविवार मिस्सेत नावं वाचायची, कोणाला या लग्नात अडथळा ठाऊक असेल तर त्याने फादरना कळवायचं. पहिल्या रविवारी नावं वाचली. सेलिना हसत होती, पण हातातला रुमाल पिळत होती. घरी येऊन मी जेवले नाही. दुपारी दोनदा गडग्यावरून तुला हाका मारल्या, तू ओ दिली नाहीस. म्हटलं निजली असेल. संध्याकाळी भेटलीस, तेव्हा मी सरळ सांगितलं, "मी फादराकडे जातंय. नावां थांबवतंय."

"तुझी हरकत काय? पोर दारू पिता? खंय दुसरा लगीन झाला तेचा?"

"बोलणा नाय. ही हरकत."

"अशी हरकत चर्चाच्या कायद्यात नाय, इसा."

"मगे कायदो करूक व्हयो."

तू हसलीस. त्या हसण्याचा मला अजून राग आहे. म्हणालीस, "धीर धर गो."

"कोणी धरूचो? सेलिनान? हात भरले तिचे धरून धरून!"

आणि तिथे ते तुझं, उद्या बोलूया.

तुला मातीत ठेवल्यापासून सगळं घर तुझ्याविना बघतेय. सकाळी अजून गडग्याशी जाते, हाक मारते, कार्मू, मासळीवाली इली. मग आठवतं. तुझी रातांब्याची सालं मीच गोळा केली, मीच मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा वाळत घातली. तुझ्यासारखी काळी नाही झाली. माझे यजमान पेद्रू गेले तेव्हा सगळ्या बायका येऊन मला देवाची इच्छा समजावत होत्या, तू एकटी पायरीवर बसलीस आणि पेजेची वाटी माझ्या हातात दिलीस, म्हणालीस, "देवाक काय बोलाचा ता बोल. मी ऐकान घेतंय, तो पण घेतलो." त्या दिवशी मी देवाला काय काय बोलले! तू कोणाला सांगितलं नाहीस. माझा राग ऐकून घेणारं माणूस वाडीत एकच होतं, आणि आता त्याच्यावरच रागवायची वेळ आलीय, तर ऐकायला तू नाहीस. कोणाकडे जाऊ मी?

तर पुढचं ऐक, कारण तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला ठाऊक नसणार. किंवा असेल. तिकडून सगळं दिसतं म्हणतात, पण तुला चष्मा लागायचा.

तुझ्या मयताला जोनासने पेटी खांद्यावर घेतली. सेलिना तुझ्या पायाशी कोसळून रडत होती, तिला तू आजीहून जवळची. जोनास खड्ड्याच्या पलीकडे उभा. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नावं वाचली त्या रविवारपासून पुन्हा त्याचं तोंड बंद झालेलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून विचारत होती, "आता काय केलंय गो मी?" तुझी पेटी खाली जात असताना माझी नात स्वतःचा गुन्हा शोधत होती!

शनिवारी तुझ्या सातव्याच्या मिस्सेची फुलं ठरवायला मी फादरकडे बसले होते. सेलिना ड्युटीवरून आली ती गणवेशातच आत शिरली. उभ्या उभ्या म्हणाली, "फादर, उद्या आमची नावं वाचू नका."

फादरनी चष्मा काढला. "हरकत कोणाची आहे?"

"माझी."

"अगं, हरकत बाहेरचे घेतात. जिचं लग्न तिने घ्यायची नसते."

"बाहेरच्यांना काय माहीत, फादर? ज्याला माहीत आहे ती मीच आहे."

मी तिथेच होते आणि मी एक अक्षर बोलले नाही. खरंच नाही बोलले, फादरना विचार. फादर माझ्याकडे बघत होते, कारण त्यांना वाटलं हे मी पढवलंय. वाटेत ती मला म्हणाली, "माय, मी रागान नाय केलंय. राग आसतो तर संध्याकाळपर्यंत परत सॉरी लिवला असता. माका बरा वाटला. दोन वर्सांनी पयल्यांदा पोटात थंड वाटला." चालताना ती गुणगुणत होती. धीर मागून मागून मिळाला नव्हता, तो तिने एका वाक्यात उभं राहून घेतला. तू हवी होतीस बघायला. आणि कबूल करायला!

मला वाटलं संपलं. कसलं संपतंय.

सोमवारी तुझी मिस्सा झाली, लोक चहा पिऊन पांगले, आणि पाच वाजता जोनास अंगणात. चालत आला होता, हातात मासळीबिसळी काही नाही. सेलिना पायरीवर बसलेली, मी दारात झाडू घेऊन. तो उभाच. बोलेना. मी तोंड उघडणार, तर सेलिना म्हणाली, "माय, तू गप." मला! मग तीही गप्प बसली. आंब्यावरचा कावळासुद्धा कंटाळून उडून गेला. शेवटी तो जमिनीकडे बघत बोलायला लागला.

"त्या आयतारी कार्मूमाय इल्ली. देवबागाक. दुपारी, रिक्षा करून."

माझा झाडू हातातच राहिला. निजली होतीस ना तू?

"बोटीत येवन बसली. म्हणाली, गिऱ्हाईक नाय मी, पण बसतंय. मगे म्हणाली, जोनास, सेलिनाबरोबर भांड. तोंड उघडून भांड. दुसऱ्या आयतारापर्यंत एकदा तरी भांडाक व्हया. नायतर मीच फादराक जावन सांगतंय, नावां वाचू नका."

ऐकलंस कार्मू, तुझेच शब्द? म्हणजे माझंच म्हणणं! दुपारी देवबागला जाऊन तू माझंच म्हणणं त्याला सुनावून आलीस, आणि संध्याकाळी गडग्यावर उभी राहून मला विचारतेस, तुझी हरकत काय? वर हसतेस? माझी जीत झाली होती, आणि तुला ती मला द्यायची नव्हती. एक दिवस लांबवायची होती. गुडघे एवढे दुखायचे तुझे, मिस्सेत गुडघे टेकत नव्हतीस, आणि हलत्या बोटीत चढलीस. मला घेऊन गेली असतीस तर मी हात दिला असता गो.

सेलिनाने विचारलं, "मगे भांडलंस कित्याक नाय?"

"भियालंय."

"माका?"

"नाय. माकाच." मग त्याने सांगितलं. बापूस बोलायला लागला की आईला मारायचा. आधी आवाज, मग हात. हा पळून तुझ्या चुलीमागे येऊन बसायचा. लहान असतानाच ठरवलं, आपण आवाज काढायचाच नाही. "राग इलो काय माका तेचो आवाज माझ्या गळ्यात ऐकाक येता. म्हणान मी फोन बंद करतंय. ह्या फक्त कार्मूमायक म्हायत होता."

तर असं आहे. म्हणून तुला तो शांत वाटायचा. दोदोलाच्या भांड्यापाशी तुला रुसलेला पोर दिसलाच नाही, तुला तो चुलीमागचा पोर दिसत होता, ज्याने हात उचलला नाही. त्याचं तुला एवढं अप्रूप की तुझी परीक्षाच तू विसरलीस. ह्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. मीही तुझ्या जागी असते तर त्याला पास केलं असतं. पण मला का नाही सांगितलंस? माझ्या पोटात राहत नाही म्हणून? बरं, नाही राहत. आता तर छापूनच येणार, पण त्याला विचारून लिहिलंय. तो म्हणाला, लिवा, दुसऱ्या कोणाच्या घरात आसतला तर तेका कळतला.

तरी माझा राग गेलेला नाही, हे तुलाही सांगते आणि त्यालाही सांगितलं. हात न उचलणं हे काय बायकोला द्यायचं दान आहे? ती घराची जमीन. जमीन दाखवून, हे बघ घर, असं म्हणायचं का कोणी? बापाचा हात त्याने टाकला, देव त्याचं भलं करो. पण बापाने आईला जी भीती दिली, तीच त्याने फोन बंद करून माझ्या नातीला दिली, फक्त आवाज न करता.

सेलिना मात्र माझ्यासारखी तापली नाही. तिने त्याला पायरीवर बसायला जागा केली, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. म्हणाली, "तू ओरडलंस तर मी कानात बोटां घालीन. तू गप रवलंस तर मी बोटां खंय घालू, सांग?"

तो रडला. मी आत गेले, दाराआडून ऐकलं.

"लगीन आता नाय," ती म्हणाली. "कधीच नाय असा नाय म्हणूक. पण आता नाय. दर आयतारी तू हय येवचा. आठवड्यात कित्याचो राग इलो, ता सांगाचा. माझो पण ऐकाचो. आवाज वाढलो तर वाढांदे, हात मांडीखाली ठेवून बस."

"आणि जमला नाय तर?"

"तर फादराक काय सांगूक नको. नावां थांबलेलीच आसत."

मग तो म्हणाला, "आमच्यात कोण बसतला? कार्मूमाय आसती तर..." आणि दोघांनी वळून दाराकडे बघितलं. मी तिथेच उभी, झाडू तसाच हातात.

कार्मू, मला मध्ये बसायला सांगतायत! मला! मी हो म्हटलंय, तोंडातून निघून गेलं. आता येत्या रविवारी दुपारी ती दोघं पडवीत बसणार आणि मध्ये मी. तो एक वाक्य बोलायला केवढा वेळ घेतो, तू जाणतेस. तेवढ्यात मी त्याची तीन वाक्यं बोलून मोकळी होईन. त्याने चुकीचं काही म्हटलं की माझी जीभ सुटेल, तो पुन्हा मिटून बसेल, आणि त्या दोघांचं जे काही अजून टिकण्यासारखं आहे ते माझ्यामुळे टिकणार नाही. ह्याची मला भीती वाटते गो. तुझं मरण मला एवढं घाबरवून गेलं नाही.

तर ह्या रविवारी ये. मिस्सा झाली, जेवणं झाली, की लगेच ये, उन्हाचं कारण सांगू नकोस, तिकडे ऊन नसतं. माझ्या डाव्या बाजूला जागा ठेवते. काही बोलू नकोस, उपदेश तर मुळीच नको. नुसती बस, आणि माझं तोंड उघडताना दिसलं की दंडाला चिमटा काढ, चांगला जोरात, मिस्सेत काढायचीस तसा. आपलं भांडण राहिलंय, ते ती दोघं गेल्यावर करू. पण ये. उद्या बोलूया म्हणू नकोस ह्या वेळी, लवकर ये.